छोट्या भाड्याच्या इमारतीतली वीज-पाण्याची बिलं: आधी वेगळं करा, मग मोजा, मग वाटा

चार ते बारा सदनिका असलेल्या भाड्याच्या इमारतीत बिलांचा घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. मुख्य मीटर १००० युनिट दाखवतो, सगळ्या सदनिकांचे सबमीटर मिळून ८८० होतात, आणि मधल्या १२० युनिटांचं काय करायचं हे कुणी आधी ठरवलेलंच नसतं. मालक ती सगळ्यांत सारखी वाटून मोकळा होतो. मग एकटा राहणारा विचारतो, पाच जणांच्या घराइतकं मी का भरायचं? दरावरून फारसं कुणी भांडत नाही, कारण दर पुरवठादाराच्या बिलावर छापलेला असतो. वाद होतो तो या मधल्या युनिटांवरून.

याचं कारण क्रम चुकतो. बिल हातात आलं की लोक आधी भागाकार करतात आणि कशाला कशाने भागलं याचा विचार आक्षेप आल्यावर. खालचा क्रम त्याच्या उलट आहे. पहिल्या चार टप्प्यांचं काम एकदाच करायचं, पुढचे दरमहा.

## टप्पा १: कुठला मीटर नक्की काय मोजतो ते शोधा

पाटीवर विसंबू नका. मीटरवर ‘सदनिका ३’ असं रंगवलेलं असलं तरी जुन्या इमारतीत जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप किंवा वरच्या मजल्यावरचं एखादं सॉकेट त्याच मीटरवर असू शकतं. दुरुस्तीच्या वेळी वायरमनने जवळची तार पकडून जोडलेली असते आणि पुढची दहा वर्षं एकच भाडेकरू सगळ्यांच्या दिव्यांचं बिल भरत राहतो.

तपासणी अशी करा:

१. भाडेकरूंना आधी कळवून दिवसा एक तास ठरवा. फ्रिज बंद राहील, लिफ्ट थांबेल, हे सांगून ठेवा.
२. एका सदनिकेचा मेन स्विच बंद करा. आता इमारतीत फिरून बघा: जिना, पार्किंग, गच्ची, पंपाची खोली. त्या सदनिकेबाहेरचं काही बंद पडलं असेल तर ते तिच्या मीटरवर आहे.
३. आता उलट तपासा. सदनिकेतलं एकूण एक उपकरण प्लगमधून काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा अजून लुकलुकत असेल तर बाहेरचं काहीतरी या मीटरमधून वीज घेतंय.
४. किती घेतंय तेही काढता येतं. मीटरवर ‘३२०० इंप/केडब्ल्यूएच’ असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो. दोन लुकलुकींमध्ये साधारण ११ सेकंद जात असतील तर भार सुमारे १०० वॅट आहे. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो, तेव्हा आधी तो वाचा.
५. सगळ्या सदनिकांसाठी हेच करा आणि एका कागदावर नकाशा काढा: मुख्य मीटर, त्याखाली कोण, सामाईक काय.

पाण्यासाठी असाच नकाशा हवा: जोडणी कुठून येते, खालच्या टाकीला मीटर आहे का, वरच्या टाकीतून किती पाइप खाली उतरतात.

इशारा: मोठ्या जोडणीच्या मीटरला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा करंट ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणारं उपकरण) बसवलेली असते आणि रीडिंगला गुणक लावावा लागतो. सीटी १००/५ असेल तर गुणक २०. काही मीटर गुणून झालेलाच आकडा दाखवतात. पुरवठादाराच्या बिलावरचा गुणक आणि मागच्या दोन रीडिंगमधला फरक जुळवून बघा. इथे चुकलात तर पुढचं सगळं गणित वीसपट चुकतं.

पडताळणी: नकाशात एकही तार ‘बहुधा’ असता कामा नये.

## टप्पा २: सामाईक भार वेगळा काढा

सर्वांत चांगला उपाय सोपा आहे. जिना, पंप, लिफ्ट, पार्किंग हे सगळं एका वेगळ्या वितरण पेटीवर घ्यायचं आणि तिला स्वतंत्र सबमीटर लावायचा. एका दिवसाचं काम आहे, आणि अर्धे वाद तिथेच मिटतात. ते होईपर्यंत अंदाज तरी हिशोबाने करा:

- पंप: १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण हे मोटर जे काम करते त्याचं माप. तारेतून ती साधारण १ किलोवॅट ओढते. रोज २ तास चालली तर महिन्याला सुमारे ६० युनिट.
- दिवे: ९ वॅटचे १० एलईडी, रोज १२ तास. महिन्याला साधारण ३२ युनिट.
- लिफ्ट: अंदाज करू नका, मीटरच लावा. फेऱ्या कमी असल्या तरी आतला दिवा, पंखा आणि कंट्रोल पॅनल चोवीस तास वीज खातात.
- पार्किंगमधलं सॉकेट: पूर्वी इथे फार तर झाडलोटीचं मशीन लागायचं, आता ई-स्कूटर लागते. ३ किलोवॅट-तासाची बॅटरी पूर्ण भरायला भिंतीतून ३ युनिटपेक्षा थोडी जास्त वीज जाते. महिन्यात वीस वेळा चार्जिंग झालं तर ६० ते ७० युनिट, म्हणजे पंपाइतकी किंवा त्याहून जास्त. या सॉकेटला कुलूप तरी लावा नाहीतर स्वतंत्र सबमीटर. ‘आपसात समजून घेऊ’ हा मार्ग दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही.
- सामाईक गरम पाणी: १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ४ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, वर टाकीतून आणि पाइपमधून जाणारी उष्णता वेगळी. ही व्यवस्था असेल तर गरम पाण्याचा खर्च साध्या पाण्यात मिसळू नका.

## टप्पा ३: सबमीटर कुठे लावावा, कुठे नाही

विजेचा सबमीटर प्रत्येक सदनिकेला लावावाच. मात्र काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगा: प्रत्येक सदनिकेचा न्यूट्रल (करंटची परतीची तार) स्वतंत्र हवा. दोन सदनिकांचा न्यूट्रल पुढे कुठेतरी एकत्र जोडलेला असला की दोन त्रास होतात. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कारण नसताना पडत राहतो. शिवाय काही मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि फरक दिसला की जास्तीचा धरतात. मग शेजाऱ्याची वीज याच्या नावावर चढते आणि मीटर ‘पळतो’ अशी तक्रार येते. मीटर बदलूनही ती जात नाही, कारण मीटर चांगलाच असतो.

पाण्याचं वेगळं आहे. बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्यासाठी वरच्या टाकीतून वेगवेगळे उभे पाइप उतरतात आणि एकेक पाइप सगळ्या मजल्यांना पाणी देतो. अशा इमारतीत एका सदनिकेला तीन ठिकाणी मीटर लावावे लागतील. त्यातून वरच्या मजल्यावर दाब कमी, आणि मंद धारेचं पाणी साधे मीटर नीट मोजत नाहीत. इथे मीटरचा हट्ट सोडा आणि माणशी वाटणी करा (टप्पा ७). सदनिकेत पाणी एकाच पाइपने येत असेल तर मात्र मीटर जरूर लावा: बाणाची दिशा बघून, आधी जाळी बसवून, उत्पादकाने सांगितली तेवढी सरळ पाइपची लांबी सोडून, आणि आडवा बसवायचा असेल तर खरोखर आडवा. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर सुरुवातीला पाइपमधली हवाही मीटर फिरवते, म्हणून मीटर टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपवर असावा.

गॅस ज्याच्या नावावर त्याचाच ठेवा. सामाईक गॅस मालकाच्या नावावर घेऊन वाटण्याची कटकट छोट्या इमारतीत परवडत नाही.

## टप्पा ४: सूत्र ठरवा आणि करारात लिहा

भाडेकरू येण्याआधी हे लिहून झालेलं हवं. नंतर घातलेला नियम कितीही न्याय्य असला तरी नव्याने लादलेली वसुली वाटतो.

कुठल्या खर्चाला कुठलं माप:

| खर्च | माप |
|---|---|
| सदनिकेतली वीज | सबमीटर |
| जिना, पार्किंगचे दिवे | सदनिकांत सारखी |
| पाणी (मीटर नसेल तर) आणि पंपाची वीज | माणूस-दिवस (माणसं × राहिलेले दिवस) |
| लिफ्ट | सदनिकांत सारखी, तळमजल्याचा वाटा आधीच ठरवून |
| सामाईक हीटिंग किंवा कूलिंग | क्षेत्रफळ |
| कचरा | सदनिकांत सारखा |
| रिकाम्या सदनिकेचा वाटा | मालक |

शेवटची ओळ सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. सहापैकी एक सदनिका रिकामी असली की मालक बिल पाचात वाटतो आणि बाकीच्यांचा वाटा एकदम २० टक्क्यांनी वाढतो. दिवे सहा सदनिकांसाठी आहेत, तर भागही सहाच पडायला हवेत.

करारात आणखी हे असू द्या: रीडिंगची तारीख, रीडिंगसाठी आत यायची परवानगी, माणसं वाढली-कमी झाली तर किती दिवसांत कळवायचं, पैसे भरायची मुदत, हरकत घ्यायची मुदत आणि गळती कुणाच्या बाजूला झाली तर दुरुस्ती कुणी करायची.

इशारा: पुरवठादाराच्या दरावर नफा चढवून भाडेकरूला वीज विकायला अनेक ठिकाणी मनाई आहे. भाडं थकलं म्हणून वीज किंवा पाणी तोडणंही बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे. दोन्हींबाबत तुमच्या भागातला नियम कलम लिहिण्याआधी बघा.

सगळं एकरकमी, म्हणजे ‘भाड्यात वीज-पाणी आलं’, हा पर्याय फक्त एक-दोन खोल्यांच्या, थोड्या मुदतीच्या भाड्याला चालतो. एसी असलेल्या सदनिकेला तो देऊ नका. द्यायचाच असेल तर युनिटची मर्यादा लिहा.

## टप्पा ५: रीडिंग एकाच दिवशी, एकाच तासात

पुरवठादार मुख्य मीटरचं रीडिंग ज्या तारखेला घेतो त्याच दिवशी सगळे सबमीटर वाचा. मुख्य ५ तारखेला आणि सबमीटर १० तारखेला वाचले तर पाच दिवसांची वीज मधे लटकते, आणि ऐन उन्हाळ्यात हा फरक सामाईक वापराहूनही मोठा निघतो.

१. क्रम ठरलेला ठेवा: मुख्य, सामाईक, मग सदनिका १ पासून.
२. प्रत्येक मीटरचा फोटो घ्या. आकडा आणि मीटरचा अनुक्रमांक एकाच चौकटीत दिसला पाहिजे. नुसत्या आकड्याचा फोटो कुठल्या मीटरचा, ते सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.
३. दशांश चिन्हानंतरचे किंवा लाल रंगातले आकडे वीज हिशोबात सोडा, पण दर वेळी सोडा. एका महिन्यात धरले आणि पुढच्या महिन्यात सोडले की दहापट घोटाळा.
४. तिथल्या तिथे मागच्या महिन्याशी वजाबाकी करा. फरक शून्य, उणे किंवा दुप्पट आला तर हलू नका, पुन्हा वाचा.

## टप्पा ६: पुरवठादाराचं बिल फोडा

बिलाची शेवटची रक्कम घेऊन युनिटने भागणं ही सर्रास होणारी चूक. त्या रकमेत चार वेगळ्या गोष्टी असतात:

- वापराचा आकार व त्यावरचे कर. हे युनिटप्रमाणे वाटायचं.
- स्थिर आकार किंवा मीटर भाडं. वापर शून्य असला तरी लागतं, म्हणून सदनिकांत सारखं.
- मागची थकबाकी, उशिराचा दंड, व्याज. हे भाडेकरूचं नाही. त्यांनी वेळेत पैसे दिले असतील तर उशीर मालकाने केला.
- समायोजन. मीटर वाचता आला नाही म्हणून सरासरी बिल आलं असेल तर पुढच्या बिलात वजावट किंवा वाढ येते. ती त्या मूळ महिन्यात जे राहत होते त्यांच्या नावावर जाते.

मग दर काढा: वापराचा आकार आणि त्यावरचे कर, भागिले मुख्य मीटरचे युनिट.

इथे टप्प्यांच्या दराचा (स्लॅबचा, म्हणजे वापर वाढला की युनिटचा दर वाढतो) एक पेच आहे. सहा घरं एका मुख्य मीटरवर असली की एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि कमी वीज वापरणाऱ्यालाही महाग दर पडतो. घरगुती जोडणी वेगवेगळी घेता येत असेल तर ती घेणंच योग्य. नसेल तर सरासरी दर सर्वांना सारखा लावा. कुणाला खालचा टप्पा, कुणाला वरचा, अशी मनाने विभागणी करू नका. तिचा ताळा कधीच लागत नाही.

## टप्पा ७: आता वाटणी

वीज. मुख्य मीटर १००० युनिट. सबमीटर २४०, १८०, ३१० आणि १५०, म्हणजे ८८०. फरक १२०. त्यातले पंपाचे ६० आणि दिव्यांचे ३२ हिशोबात बसतात, राहिले २८. मुख्य वापराच्या २.८ टक्के. तारांमधली घट आणि मीटरचा फरक धरता हे चालण्यासारखं आहे. दिव्यांचे ३२ चौघांत सारखे म्हणजे प्रत्येकी ८, पंपाचे ६० माणूस-दिवसाप्रमाणे. हिशोबात न बसलेले २८ सबमीटरच्या प्रमाणात वाटायचे की मालकाने सोसायचे, ते करारात असावं. आमचं मत विचाराल तर ३ टक्क्यांपर्यंत प्रमाणात वाटा, त्यावरचं मालकाचं. तारा मालकाच्या आहेत, आणि पदरचे पैसे जायला लागले की त्या लवकर दुरुस्तही होतात.

पाणी. हे वेगळं उदाहरण आहे. महिना ३० दिवसांचा, वापर ३६ घनमीटर (१ घनमीटर म्हणजे १००० लिटर).

- सदनिका १: ४ माणसं × ३० = १२०
- सदनिका २: २ माणसं × ३० = ६०
- सदनिका ३: ३ माणसं, १६ तारखेला आली × १५ = ४५
- सदनिका ४: रिकामी = ०

एकूण २२५ माणूस-दिवस. ३६ ÷ २२५ = ०.१६, म्हणजे माणशी दिवसाला १६० लिटर. वाटे पडले १९.२, ९.६ आणि ७.२ घनमीटर. बेरीज ३६. पाणीपट्टीतला स्थिर भाग मात्र चार सदनिकांत सारखा, आणि चौथ्याचा वाटा मालकाकडे.

आठवड्यापेक्षा कमी मुक्कामाचे पाहुणे मोजू नका. तेवढी बारीक मोजणी करायला गेलात तर दारात उभं राहून चपला मोजायची वेळ येईल.

पडताळणी: सगळे वाटे (मालकाचा धरून) मिळवले की पुरवठादाराच्या चालू बिलाइतकेच आले पाहिजेत. पूर्णांक करताना राहिलेली किरकोळ रक्कम मालकाच्या खात्यात टाका.

## टप्पा ८: ताळा लागत नसेल तर

न बसणारी वीज ५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा माणशी पाणी मागच्या महिन्यांपेक्षा एकदम वाढलं, तर बिल पाठवण्याआधी शोध घ्या.

सबमीटरची बेरीज मुख्य मीटरपेक्षा जास्त आली तर आधी तारखा आणि वाचलेले आकडे तपासा, मग गुणक, मग टप्पा ३ मधला सामाईक न्यूट्रल. याच क्रमाने, कारण पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही.

पाण्याची गळती टाकीवरून पकडा. रात्री १२ वाजता पंप आणि टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीची खूण करा, पहाटे ५ ला पुन्हा मोजा. २ मीटर × १.५ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. पाच तासांत ४ सेंटिमीटर उतरली तर १२० लिटर गेले. रात्री कुणी दोन-तीनदा फ्लश केला तरी एवढं जात नाही. हाच वेग दिवसभर धरला तर ५७६ लिटर, महिन्याला १७ घनमीटरवर. वरच्या उदाहरणातल्या पूर्ण वापराच्या जवळजवळ निम्मे.

संशयित पहिला: संडासाची फ्लश टाकी. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलंय. आवाज येत नाही, फरशी ओली होत नाही, म्हणून भाडेकरूला पत्ताच नसतो.
संशयित दुसरा: वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा). पाणी ओव्हरफ्लो पाइपने थेट गटारात जातं. पंप चालू असताना गच्चीवर जाऊन बघा.
संशयित तिसरा: टपकणारे नळ. खाली मग ठेवून १० मिनिटांचं पाणी मोजा, १४४ ने गुणा, दिवसाचं मिळेल.

## टप्पा ९: बिल देणं आणि वसुली

प्रत्येक सदनिकेला एक पान पुरे: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक, दर, सामाईक वाटा कसा काढला, एकूण, मुदत. सोबत मीटरचा फोटो आणि पुरवठादाराच्या बिलाची प्रत. मूळ बिल दाखवायला टाळाटाळ केली की संशय तिथून सुरू होतो.

भाडं आणि बिल यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. एकत्र आलेली अर्धवट रक्कम कशात जमा धरली, यावर नंतर दोघेही आपापल्या सोयीचं सांगतात.

दरमहा आगाऊ ठरावीक रक्कम घेऊन सहा महिन्यांनी खरा हिशोब करायची पद्धत चालते, पण सहा महिने म्हणजे सहाच. वर्ष उलटलं की निघालेली बाकी मोठी असते आणि भाडेकरू तोवर बदललेला असतो.

## टप्पा १०: भाडेकरू बदलताना

चावी देताना आणि घेताना, दोन्ही वेळा मीटरचं रीडिंग दोघांसमोर घ्या. कागदावर आकडा, तारीख, मीटरचा अनुक्रमांक आणि दोघांच्या सह्या. जाणाऱ्याचं शेवटचं बिल यायला वेळ असतो, म्हणून वीज त्या दिवसाच्या रीडिंगवरून मागच्या महिन्याच्या दराने, आणि पाणी-सामाईक वाटा दिवसांच्या हिशोबाने काढून अनामतीतून तेवढीच रक्कम राखून ठेवा. बाकीची लगेच परत करा. खरं बिल आल्यावर फरक कुणी, किती दिवसांत द्यायचा हे त्याच कागदावर लिहा, आणि जाणाऱ्याचा नवा पत्ता व बँक खातं तेव्हाच मागून घ्या.

सदनिका रिकामी झाली की त्याच दिवशी तिचा मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद करा. पुढचा भाडेकरू येईपर्यंत त्या मीटरचा आकडा हलला, तर टप्पा १ मधली तपासणी त्या सदनिकेपुरती पुन्हा करायची.